एका इंजिनाचे विमान : अपघाताची कारणे आणि उड्डाणापूर्वीची चिठ्ठी

वैमानिक व्हायचे म्हणून सोलापुरातून बारामतीला किंवा त्याहून दूर जाणारी मुले-मुली पहिले धडे एका इंजिनाच्या छोट्या विमानावर गिरवतात. त्यांना निरोप देताना घरच्यांच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो, की वर गेल्यावर इंजिन बंद पडले तर काय? प्रश्न रास्त आहे. परंतु अशा विमानांच्या अपघातांचे चौकशी अहवाल वाचत गेले की वेगळेच चित्र दिसू लागते. पुष्कळदा इंजिन व्यवस्थित चालू असते, विमान धडधाकट असते, आणि वेग, उंची, इंधन किंवा हवामान यांपैकी एखाद्या बाबतीत जो निर्णय घ्यायला हवा होता तो वेळेवर घेतलेला नसतो.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी उड्डाणापूर्वी एक चिठ्ठी लिहायला लावतो. कोणत्या उंचीखाली मागे वळायचे नाही, किती लिटर उरले की उतरायचेच, किती किलोमीटरपेक्षा कमी दिसू लागले की परत फिरायचे, हे आकडे जमिनीवर, डोके शांत असताना लिहावेत आणि ती चिठ्ठी मांडीवरच्या पॅडला लावावी. हवेत गेल्यावर मन तडजोडी करू लागते. आधी लिहिलेल्या आकड्याशी तडजोड करणे मात्र जड जाते.

पहिला आकडा वळणाचा. पंख हवेला ज्या कोनात भिडतो तो कोन ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल एकदम घटते. यालाच स्टॉल म्हणतात. सरळ उडताना जो वेग पुरेसा असतो तो वळताना पुरत नाही, हे विद्यार्थ्याने पाठ करण्यापेक्षा समजून घेतले पाहिजे. उंची न सोडता ४५ अंश कलून वळले तर स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, आणि ६० अंश कलले तर ४१ टक्क्यांनी. आता धावपट्टीकडे येण्याचे शेवटचे वळण डोळ्यांसमोर आणावे. मागून वारा आहे, त्यामुळे वळण लांबले आणि धावपट्टीची रेषा ओलांडली गेली. अधिक कलायची भीती वाटते म्हणून विद्यार्थी पायाने रडर (शेपटीवरची उभी झडप) दाबून नाक ओढून आणतो आणि नाक खाली जाते म्हणून हाताने नियंत्रणाची दांडी मागे घेतो. आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरकी घेऊ लागते. सेस्नासारख्या छोट्या प्रशिक्षण विमानाला एका गिरकीतून सावरायला साधारण १,००० फूट लागतात, आणि या वळणावर हाताशी ५०० फूटच असतात. यावरचा उपाय सावरण्याचा सराव हा नाही. तो सराव करावाच, पण त्याचा उपयोग उंचावर. इथे उपाय एवढाच, की या वळणात ३० अंशांपेक्षा जास्त कलायचे नाही, आणि रेषा चुकली तर ती ओढून आणायची नाही. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी मूठ, पूर्ण उघडून पुन्हा एक फेरी मारायची.

टेकऑफनंतर लगेच इंजिन गेले तर धावपट्टीकडे परत फिरण्याचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो, आणि तो जीवघेणा आहे. परत फिरणे म्हणजे निव्वळ १८० अंशांचे वळण नव्हे. धावपट्टीच्या रेषेवर पुन्हा येण्यासाठी त्याहून बरेच अधिक वळावे लागते, आणि तेही बंद इंजिनाने, उंची गमावत. म्हणून चिठ्ठीवर ठळक लिहावे : १,००० फुटांखाली मागे वळणे नाही. नाक खाली, ग्लाइडचा (इंजिनाविना तरंगत उतरण्याचा) वेग, समोर आणि दोन्ही बाजूंना ३० अंशांत जी बरी जागा दिसेल तिथे उतरायचे. सेस्ना १७२ च्या अलीकडच्या प्रकारात हा वेग पूर्ण वजनाला ६८ नॉट (ताशी सुमारे १२६ किलोमीटर) आहे. आपल्या विमानाचा वेग त्याच्या पुस्तिकेतून घ्यावा.

ही बरी जागा आपल्या भागात ओळखायची कशी, हे परदेशी पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही. शिकत असताना एकदा आम्ही बारामतीहून सोलापूरकडे येत होतो. वाटेत प्रशिक्षकांनी थ्रॉटल मागे घेतला आणि म्हणाले, ‘‘इंजिन गेले समज. कुठे उतरशील?’’ मी खालचा एक सपाट, हिरवागार चौकोन दाखवला. त्यांनी विमान तसेच खाली जाऊ दिले. सुरक्षित उंचीच्या जरा आधी त्या हिरवळीत बारीक रेघा चमकू लागल्या. ती द्राक्षबाग होती. लोखंडी अँगल आणि त्यांवर ताणलेल्या तारांचा मांडव. ‘‘आता बघ,’’ एवढेच बोलून त्यांनी पुन्हा थ्रॉटल दिला. तेव्हापासून हिरवा चौकोन दिसला की मी आधी त्यात रेघा शोधतो.

उसाचा फड वरून मऊ गादीसारखा दिसतो, पण ऊस माणसाहून उंच असतो आणि त्याखाली खोल सऱ्या असतात. डाळिंबाच्या बागेतही उतरू नये. पावसाळ्यात काळ्या रानात चाके रुततात आणि विमान नाकावर उलटते. त्या दिवसांत मुरमाड माळ बरा. उन्हाळ्यात नांगरट झालेल्या रानात ढेकळे असतात, म्हणून ज्वारी काढून मोकळे झालेले, अजून न नांगरलेले रान मिळाले तर ते सर्वांत चांगले. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंगळवेढ्याच्या बाजूला अशी राने भरपूर दिसतात. उतरताना पिकाच्या तासांच्या (ओळींच्या) दिशेने उतरावे, तासांना आडवे नाही, मग वारा थोडा बाजूने असला तरी चालेल. डांबरी रस्ता मोह पाडतो, परंतु त्याच्या कडेने विजेचे खांब असतात आणि तारा अगदी शेवटी दिसतात. खांब दिसला की तार आहेच असे धरून चालावे. सोलापूरनजीक होटगीजवळच्या १,३२० मेगावॉटच्या औष्णिक प्रकल्पातून निघणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या त्या परिसरातून जातात. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या मार्गातली साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली म्हणून अडथळे संपले असे समजू नये.

बंद पडणाऱ्या इंजिनांपैकी कितीतरी इंजिने बिघडलेली नसतात. त्यांना इंधन मिळालेले नसते. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात विमान कोसळून मृत्युमुखी पडले. त्यांच्या घरगुती बांधणीच्या विमानात एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जाण्याची मूठ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे होती. तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या धडपडीत विमानावरचा ताबा सुटला असा चौकशीचा निष्कर्ष निघाला, आणि उड्डाणापूर्वी इंधनाचे नियोजन नीट न केल्याचाही त्यात उल्लेख आहे. अनोळखी विमानात बसले की जमिनीवरच डोळे मिटून ही मूठ हाताने शोधावी.

इंधनाचा हिशेब वाऱ्यासकट करावा. बारामती ते सोलापूर हवाई अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात वर २५ नॉटचा पश्चिमेचा वारा असेल, तर ९५ नॉटने उडणारे सेस्ना १५२ येताना पाऊण तासाच्या आत पोहोचते, आणि परतीला त्याला जवळजवळ सव्वा तास लागतो. येताना लागले तेवढेच जाताना लागेल असे गृहीत धरणारा फसतो. कागदावर लिटर आणि मिनिटे दोन्ही लिहावीत, आणि तासाभराचे इंधन शिल्लक असतानाच चाके जमिनीला लागलेली असावीत. नियमातली किमान राखीव मर्यादा यापेक्षा कमी असते, पण शिकाऊ वैमानिकाने तिच्यावर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. काट्यावर भरवसा न ठेवता टाकीत मापकाठी घालून पाहावे.

त्याच वेळी टाकीच्या तळाचे थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून उजेडात धरावे. विमानाचे पेट्रोल फिकट निळे असते. त्यात पाणी असेल तर ते तळाशी जाते आणि निळ्याखाली एक रंगहीन थेंब मोत्यासारखा हलताना दिसतो. पेलाभर सगळेच रंगहीन दिसले, तर ते सगळे पाणी असू शकते किंवा टाकीत जेटचे इंधन गेलेले असू शकते. रंग आणि वास दोन्ही तपासल्याशिवाय चावी फिरवू नये. जुलै-ऑगस्टच्या दमट रात्री अर्धी रिकामी टाकी ठेवली की आत दव धरते, म्हणून संध्याकाळीच टाकी भरून ठेवणे चांगले.

त्याच दमट दिवसांत कार्ब्युरेटरमध्ये (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात) बर्फ धरू शकतो, हे सोलापूरकरांना पटत नाही. पण पेट्रोलची वाफ होताना आतली हवा वीस अंशांहून अधिक थंड होऊ शकते. त्यामुळे बाहेर २५ अंश आणि भरपूर आर्द्रता असताना, थ्रॉटल कमी करून खाली येताना, इंजिनाचे फेरे हळूहळू घटतात. थ्रॉटल कमी करण्याआधीच कार्ब्युरेटर हीटची, म्हणजे त्यात गरम हवा सोडणारी, मूठ ओढावी. हीट दिल्यावर इंजिन क्षणभर खडखडले तर घाबरून ती बंद करू नये. वितळलेला बर्फ बाहेर पडत असतो.

हवामानाबाबत मात्र मी कठोर आहे, कारण ढगात शिरलेला नवखा वैमानिक सहसा वाचत नाही. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांवर प्रयोग केला. बाहेरचे दिसेनासे झाल्यावर सर्वांचाच ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. १६ जुलै १९९९ च्या धूसर रात्री समुद्रावरून जाताना अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचे विमान असेच गेले आणि सोबतच्या दोघींसह ते मृत्युमुखी पडले. इंजिन चालू होते. क्षितिज दिसत नव्हते. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अशा वेळी खोटे सांगते आणि ती खोटे सांगते आहे हे जाणवतही नाही. आपल्याकडे डोळ्यांनी पाहून उडण्यासाठी ५ किलोमीटर दृश्यता लागते. शिकाऊ वैमानिकाने चिठ्ठीवर ८ लिहावे. दृश्यता तेवढी घटली की पुढे उघडेल या आशेवर न राहता सेकंदाला तीन अंशांचे सावकाश वळण घेऊन एका मिनिटात परत फिरावे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा ढग उभा राहिला असेल, तर उड्डाणच करू नये. पाऊस दूर असला तरी त्याच्यापुढे धावणारा वारा आधी पोहोचतो.

उन्हाळ्याचा आणखी एक हिशेब आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर आहे, पण ४३ अंशांच्या दुपारी इथली हवा इतकी विरळ होते, की विमान पाच हजार फुटांहून उंच जागेवरून उडत असल्यासारखे वागते. धावपट्टी लांब असल्याने चाके सुटतात, पुढची चढण मात्र रखडते. दोन माणसे आणि भरलेल्या टाक्या घेऊन जायचे असेल तर सकाळी आठच्या आत निघावे, नाहीतर पुस्तिकेतला तक्ता पाहून वजन कमी करावे.

उतरतानाचे अपघात संख्येने सर्वाधिक असतात आणि बहुधा त्यांत चाके, नाक व पुढचा फिरता पंखा यांचेच नुकसान होते. एकदा विमान उसळले की नाक खाली दाबू नये. ३०० फुटांवर वेग आणि रेषा ठरल्याप्रमाणे नसेल तर पुन्हा फेरी घ्यावी. पक्ष्यांसाठी एकच सूचना : बारामतीहून येताना उत्तरेला उजनीचे पाणी लागते आणि हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवे असतात, तेव्हा फोटोसाठी खाली जाऊ नये.

उतरल्यावर विमान बांधायच्या आधी पुन्हा टाकीत मापकाठी घालावी. उरलेले लिटर चिठ्ठीवरच्या अंदाजाशेजारी लिहावेत, दोन्हींतला फरक किती आणि कोणत्या बाजूला पडला ते नोंदवावे, आणि पुढच्या उड्डाणाचा हिशेब त्या फरकापासून सुरू करावा.