जेट स्कीच्या ट्रेलरला मागे हिच लावताय? या चुका टाळा

हनुवंतियाला, मध्य प्रदेशातल्या इंदिरा सागर जलाशयावर, जेट स्की न्यायची, सोबत दोन सायकली न्यायच्या आणि गाडीत जागा नाही. मग नजर जाते ट्रेलरच्या मागच्या आडपट्टीकडे. ‘इथे एक चौकोनी नळी जोडून द्या’ म्हटलं की (हीच ती हिच, सायकलींचा स्टँड तिच्यात खोचायचा) इंदूरातला कुठलाही वेल्डर तासाभरात जोडून देतो. दोन माणसं उभी राहिली तरी ती वाकत नाही, सगळे खूश. तिकडे पुढे, गाडीच्या टो बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकतो त्यावर, काय झालं ते मात्र कुणी बघत नाही.

सगळ्यात मोठी चूक तीच. ट्रेलर म्हणजे आसावर, चाकांच्या ॲक्सलवर, टेकलेली तराजूची दांडी. मागे लटकवलेला प्रत्येक किलो पुढचं टोक उचलतो. एक हिशोब मांडू. रिकामा ट्रेलर 120 किलो, पेट्रोल भरलेली स्की 350, एकूण 470. बॉलवर भार 50 किलो, म्हणजे साडेदहा टक्के. अशा ट्रेलरला एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के बॉलवर हवेत, तेव्हा ठीक. बॉलपासून आस 3.2 मीटरवर. आता स्टँड आणि दोन सायकली मिळून 45 किलो, आणि त्यांचा मध्य आसाच्या 1.9 मीटर मागे. 45 गुणिले 1.9, भागिले 3.2. बॉलवरचे जवळपास 27 किलो उचलले गेले, उरले 23. एकूण वजन मात्र 515 झालं. म्हणजे साडेचार टक्के.

इंदूरहून निघालेला हा ट्रेलर सिमरोलपर्यंत निमूट येतो. पुढे भेरूघाटाच्या उतारावर वेग चढतो, शेजारून ट्रक जातो, हवेचा झोत बसतो आणि शेपूट डावीकडे सरकते. मग उजवीकडे, थोडी जास्त. पुन्हा डावीकडे, आणखी जास्त. चालक घाबरून ब्रेकवर उभा राहतो. गाडी मंदावते, बिनब्रेकचा ट्रेलर मागून ढकलतो आणि झोका मोठाच होतो. काही शहाणे उलट वेग वाढवून ट्रेलर ‘सरळ’ करायला जातात, तेही उतारावर. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, झोक्याच्या उलट फिरवत बसायचं नाही आणि वेग आपोआप पडू द्यायचा. ही वेळच येऊ नये म्हणून घरचा वजनकाटा काढा. सपाट जागेवर चाकांना दगड लावा, कपलरखाली (बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाखाली) काटा आणि त्यावर लाकडी ठोकळा असा ठेवा की कपलर बॉलच्याच उंचीवर येईल. ठोकळ्याचं वजन वजा करा. आधी सायकलींशिवाय मोजा, मग सायकलींसकट. ‘हाताने उचलून बघितलं, बरोबर वाटलं’ याला मोजणं म्हणत नाहीत.

कमी पडलेला भार परत आणायचा सोपा उपाय म्हणजे विंचचा खांब, ज्याला स्कीचं नाक टेकतं तो, पुढे सरकवणं. वरच्या हिशोबात 350 किलोची स्की 25 सेंटीमीटर पुढे गेली की बॉलवर ते 27 किलो परत येतात. पण मग सायकली नसताना भार 77 होतो, म्हणजे 16 टक्क्यांच्या वर, आणि गाडीची मागची बाजू बसते. म्हणून ड्रॉबारवर, ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर, ऑइल पेंटच्या दोन खुणा कराव्यात, एक सायकलींसकटची आणि एक नुसत्या स्कीची, आणि खांबाचे यू-बोल्ट त्या त्या खुणेवर आवळावेत. कंटाळवाणं आहे, पण दहा मिनिटांचं काम आहे. स्की पुढे घेतल्यावर वळणात तिचं नाक गाडीच्या डिकीला लागत नाही ना, तेवढं बघा.

दुसरी लाडकी चूक ते तासाभराचं वेल्डिंग. मागची आडपट्टी दिवे आणि नंबर प्लेट धरायला असते, पातळ पत्र्याची. अर्धा मीटर मागे लटकलेलं वजन तिला खाली ओढण्यापेक्षा पिळतं जास्त, आणि खड्ड्यात तेच वजन क्षणभर कितीतरी पट होतं. तडा वेल्डच्या कडेला जातो, वेल्ड शाबूत राहतो. म्हणून वेल्डर म्हणतो, ‘माझं काम तर पक्कं आहे.’ शिवाय ट्रेलर गॅल्व्हनाइज्ड असला तर जस्त जळतं. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, जस्त न घासता केलेल्या वेल्डमध्ये भोकं राहतात आणि नळीच्या आतला थर जातो तो कायमचा. वरून चंदेरी रंग मारला की काम झाकतं, गंज आतून चालू राहतो. नळीतून गेलेली दिव्याची वायर वितळते, ते वेगळंच.

त्यापेक्षा बोल्टचं काम करा. ट्रेलरच्या दोन्ही लांब पट्ट्यांच्या खालून जाणारी 5-6 मिलिमीटर जाडीची आडवी नळी घ्या, तिला हिचची नळी वर्कशॉपमध्येच वेल्ड करा आणि मग सगळा तुकडा गॅल्व्हनायझिंगला द्या. बंद नळीला हवेची भोकं आधी पाडा, नाहीतर तापलेल्या जस्ताच्या हौदात ती फुटू शकते. बसवताना प्रत्येक बाजूला 12 मिलिमीटरचे दोन चौकोनी यू-बोल्ट, 8 मिलिमीटरच्या पट्ट्या आणि नायलॉक (आपोआप सैल न होणारे, आत नायलॉनची कडी असलेले) नट. नळीची भिंत आत दबायला लागली की थांबा. तिथे ताकद दाखवायची नसते. ट्रेलरच्या लांब पट्टीला भोक पाडावंच लागलं तर उंचीच्या मध्यावर, वरच्या किंवा खालच्या कडेला कधीच नाही.

हिचची नळी बाजारातल्या मापाने घेऊ नका. दोन इंची हिचला आतलं माप 50.8 मिलिमीटर लागतं. लोहामंडीतली 63.5 ची नळी 4.5 जाडीची असेल तर आत 54.5 भरते आणि स्टँड रस्ताभर खडखडतो. 6.3 च्या आसपास जाडी हवी, आतला वेल्डचा उंचवटा घासून. पिन 16 मिलिमीटरची.

उंची मोजताना स्की ट्रेलरवर हवी. हिच स्कीच्या तळाच्या रेषेखालीच राहिली पाहिजे, नाहीतर पाण्यात उतरवताना जेटचं नोझल तिच्यावर आदळतं. फार खाली गेली तर उतारावर घासते. स्टँड पाण्यात न्यायचाच नाही. आधी काढून ठेवा.

आणखी काही, थोडक्यात. सायकलींनी दिवे आणि नंबर प्लेट झाकली तर स्टँडवर दुसरी दिव्यांची पट्टी हवीच. हिचवर 150 किलोचा आकडा छापला म्हणून टायरची ताकद वाढत नाही. 145/80 आर 12 टायर असतील तर 74 लोड इंडेक्स म्हणजे टायरमागे 375 किलो, तेही पूर्ण हवेवर. मागे दुसरा ट्रेलर जोडायचा विचार डोक्यातून काढा. ट्रेलरची नोंदणी असते, तेव्हा बदलाबद्दल आरटीओत आधी विचारा.

नवे यू-बोल्ट पहिल्या फेरीत सैल होतातच. इंदूरहून निघालात की बडवाहला, नर्मदेच्या पुलाआधी, चहाला थांबता तेव्हा पाना हातात घ्या आणि आठही नट पुन्हा आवळा.