प्रश्नावली छापण्याआधी: ऊसतोड स्त्रियांसोबत केलेल्या आरोग्यसंशोधनाचा अनुभव

सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण संपवून मी पहिले क्षेत्रकाम केले ते पश्चिम महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या परिसरात, बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेल्या स्त्रियांमध्ये. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीच्या पाहणीत बीडमधील 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे, म्हणजे साधारण सहांतील एकीचे, गर्भाशय काढलेले आढळले होते. त्यामुळे आमची प्रश्नावली केवळ स्त्रीरोगांवर बेतलेली होती आणि कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांच्या वस्तीवर, पाऊल ठेवण्यापूर्वीच ती छापूनही झाली होती.

पहिली अडचण शब्दांची आली. ‘गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली आहे का?’ या प्रश्नाला बहुतेकींनी नकारार्थी मान हलवली, मात्र चुलीपाशी बसून बोलताना त्यांतलीच एक बाई सहज म्हणाली, “पिशवी काढल्यापासून कंबर धरते.” आमची संपूर्ण नोंद चुकीची होती, हे त्या एका वाक्याने लक्षात आले. त्यानंतर आम्ही टोळीतल्या चार स्त्रियांना सोबत घेऊन प्रत्येक प्रश्न त्यांच्या बोलीत नव्याने मांडला.

वेळेच्या बाबतीतही तेच झाले. सकाळी अकराचे तपासणी शिबिर रिकामे राहिले, तेव्हा अहवालात ‘उदासीनता’ असा शब्द मीच लिहिला होता, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरला जातो. पहाटे स्वयंपाक उरकून फडावर जायचे, तोडलेला ऊस मोळ्या बांधून डोक्यावरून वाहनापर्यंत न्यायचा, आणि एका दिवसाचा खाडा झाला तर मजुरी बुडून वर मुकादमाकडे, म्हणजे टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराकडे, दंड भरायचा, अशा व्यवस्थेत दिवसाच्या शिबिराला कोणती स्त्री येईल?

पुढे संध्याकाळी बैठका घेऊ लागलो. लिहितावाचता न येणाऱ्यांनाही मत देता यावे म्हणून जमिनीवर चित्रे मांडून प्रत्येकीला पाच खडे दिले आणि सर्वांत जाचक त्रासावर ते ठेवायला सांगितले. सर्वाधिक खडे पडले ते आडोशाच्या जागेवर. आंघोळीला आणि शौचाला आडोसा नाही म्हणून पाणी कमी प्यायचे, लघवी रोखून धरायची, पाळीचे कपडे अंधारात धुऊन ओलसरच वापरायचे. अंगावरून पांढरे जाण्याची आणि लघवीच्या जळजळीची तक्रार त्यांनी स्वतःच या साखळीला जोडून दाखवली. आमच्या मूळ आराखड्यात आडोशाचा उल्लेखही नव्हता. नंतरच्या कार्यक्रमात न्हाणीघर आणि सायंकाळचा दवाखाना हे दोन्ही आले ते या खड्यांमुळे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींना विचारून झोपड्यांच्या धर्तीवर रुग्णालय उभारले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले, हे मी विद्यार्थिदशेत वाचले होते, परंतु त्यामागचे कारण मला या वस्तीवर उमगले.

संमतीविषयी विशेष सांगायला हवे. मुकादमासमोर दिलेला होकार ही संमती नव्हे, कारण त्याच्याकडून उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतलेल्या कुटुंबाला त्याला नाही म्हणणे परवडत नाही. निरक्षर व्यक्तीचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार असावा लागतो; ही जागा मुकादमाला किंवा कारखान्याच्या माणसाला कधीही देऊ नये.

निष्कर्ष परत नेण्यातही आम्ही चुकलो. अहवाल जूनमध्ये पूर्ण झाला, तोवर टोळ्या गावी परतल्या होत्या. ज्यांनी खडे ठेवले त्यांना निकाल कळला तो पुढच्या हंगामाच्या तोंडावर, आम्ही त्यांच्या गावी गेलो तेव्हा. म्हणून नव्या संशोधकांनी अंदाजपत्रक करतानाच दोन रकमा वेगळ्या काढाव्यात: बैठकीला येणाऱ्या स्त्रियांच्या वेळेचे मानधन आणि निष्कर्ष त्यांच्या गावापर्यंत नेण्याचा प्रवासखर्च. अनुदान मंजूर झाल्यावर या बाबी त्यात घालून घेणे फार अवघड जाते.