निळ्या प्रकाशात तोंड तपासताना

बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) करून तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणी शिबिरात आलेल्यांचा हात आधी निळ्या प्रकाशाच्या यंत्राकडे जातो. पण सुरुवात साध्या पांढऱ्या प्रकाशाने आणि दोन आरशांनीच करा. कवळी काढायला लावा, चूळ भरून घ्या. ओठ, गाल, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग सगळं पाहा आणि बोटांनी चाचपा. आपल्याकडे तंबाखू-चुना गाल आणि हिरडीमधल्या खाचेत धरतात, म्हणून रोगही बऱ्याचदा तिथेच धरतो. गाल पुरता ओढल्याशिवाय ती खाच दिसत नाही. मिश्री लावणाऱ्या बायका ‘तंबाखू खाता का?’ याला नाहीच म्हणतात. मिश्रीचं नाव घेऊन विचारा.

मग यंत्र. वेलस्कोप नावाचं हे यंत्र साधारण ४०० ते ४६० नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकतं. तोंडाचं निरोगी अस्तर त्यात फिकट हिरवं चमकतं. ही चमक मुख्यतः अस्तराखालच्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची. पेशी बिघडू लागल्या की कोलॅजेनची वीण तुटते, रक्तवाहिन्या वाढतात, हिमोग्लोबिन प्रकाश शोषून घेतं आणि तो भाग काळपट दिसतो. खोलीत अंधार हवा. शिबिराच्या मांडवात उजेड शिरला की फरक पुसट होतो. रुग्णाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवा.

खरी फसगत पुढे आहे. दाताने चावलेली जागा, लायकेन प्लॅनस (अस्तराला सूज आणणारा एक आजार), मेलॅनिन या रंगद्रव्याचा डाग, सगळंच काळपट दिसतं. अशा जागी आरशाची पाठ हलके दाबा. हिरवी चमक परतली तर नुसत्या सुजेची शक्यता जास्त. तरी तेवढ्यावर रुग्णाला सोडू नका. जिभेवरची केशरी-लाल झाक जिवाणूंच्या पॉर्फिरिन या रंगद्रव्याची असते, तिला घाबरू नका. जाड पांढरा चट्टा मात्र उलट उजळ दिसू शकतो. म्हणून पांढऱ्या प्रकाशात संशयास्पद वाटलेली जागा निळ्या प्रकाशात चांगली दिसली, तरी ती संशयास्पदच. या यंत्राने कुणालाही ‘तुम्हाला काही नाही’ असं सांगायचं नसतं. ते मदत करतं चट्ट्याची कड कुठवर गेली आहे आणि तपासणीसाठी तुकडा कुठून घ्यावा हे ठरवायला.

टोकदार दात घासून, तंबाखू थांबवून दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवा. जखम तशीच असेल तर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी. लाल चट्टा, कडक कड किंवा मानेत गाठ असेल तर तेवढीही वाट पाहू नका. तुकडा व्रणाच्या मधोमध घेऊ नका, तिथे मृत पेशीच मिळतात. कडेचा घ्या आणि त्याच्या आकारमानाच्या किमान दहापट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) बुडवा. सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा सडतो आणि रुग्णाला पुन्हा सुई सोसावी लागते.