बीपीएमवरून डिले काढताय? मग या चुका टाळा

"दादा, डिले लावला की गाणं चिखल होतंय, कुठला प्लगइन घेऊ?" हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की आता उत्तर कॉपी करूनच ठेवलंय. (डिले म्हणजे आवाजाची ठराविक वेळाने परत ऐकू येणारी नक्कल, आणि प्लगइन म्हणजे ती करणारं छोटं सॉफ्टवेअर.) प्लगइन बरोबर आहे रे. बीपीएमवरून, म्हणजे मिनिटाला किती बीट त्यावरून, डिले काढायचा तुझा भागाकारसुद्धा बहुतेक वेळा बरोबरच असतो, पण तो करण्याआधी बीट कशाला म्हणायचं तेच ठरवलेलं नसतं.

गणित आहे शाळेतलं. मिनिटात ६०,००० मिलिसेकंद, त्याला बीपीएमने भागलं की क्वार्टर नोट, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक बीट, मिळते. १२० ला ५००. अर्धे केले की एट्थ २५०, अजून अर्धे केले की सिक्स्टीन्थ १२५. डॉटेड म्हणजे दीडपट, म्हणून डॉटेड एट्थ ३७५. ट्रिपलेट म्हणजे दोनच्या जागेत तीन, प्रत्येक दोन तृतीयांश, म्हणून एट्थ ट्रिपलेट १६६.६७. झालं, एवढंच. इथे एक फालतू चूक हमखास होते, एट्थ ट्रिपलेट काढायला एट्थलाच तीनने भागतात, २५० भागिले ३ म्हणजे ८३.३३, ती झाली सिक्स्टीन्थ ट्रिपलेट. तीनने भागायचं असेल तर क्वार्टरला भागा.

आता माझ्या खास रागाची चूक. पाय पडतो तोच बीट आणि सॉफ्टवेअरचा बीपीएमही तोच, असं धरून चालणं.

रायगडकडच्या एका पोराने हळदीचं कोळीगीत मिक्सिंगला पाठवलं. ढोलकी खरी, बेंजो खरा, आवाज तर झकास. पण वाजवलं की कायतरी लंगडं वाटायचं, आणि गाण्यावरचा डिले जणू दुसऱ्याच गाण्यातून येत होता. पोराने काय केलं होतं तर मोबाईलवरच्या टॅप टेम्पोवर पाय पडेल तिथे बोट मारलं, १०० आकडा आला, प्रोजेक्ट १०० ला लावला आणि फोर-फोर, म्हणजे एका बारमध्ये (तालाच्या एका गटात) चार क्वार्टर, तसंच राहू दिलं. गाणं दादऱ्याच्या अंगाचं, धा धिं ना, धा तिं ना, म्हणजे प्रत्येक पावलात तीन समान भाग. १०० च्या पावलाला ६०० मिलिसेकंद, म्हणजे ढोलकीचे ठोके ०, २०० आणि ४०० वर. आणि या महाशयांनी ती ढोलकी सिक्स्टीन्थ ग्रिडवर क्वांटाइझ केली, म्हणजे प्रत्येक ठोका जवळच्या रेघेवर ओढला! त्या ग्रिडच्या रेघा ०, १५०, ३०० आणि ४५० वर. मग २०० चा ठोका ओढला गेला १५० ला, ४०० चा गेला ४५० ला, आणि वाजवणाऱ्याने हाताने आणलेला सगळा झोका खलास. वर इंटरनेटवर वाचून डिले डॉटेड एट्थला, म्हणजे ४५०. आता गाण्याच्या मूळ चालीत ठोके येणार ४०० आणि ६०० वर आणि एको पडणार मधेच ४५० ला. तो तिथे कुणाचाच नाही. दर शब्दानंतर एक ठेच.

त्यावर उपाय म्हणून पोराने काय करावं? डिलेचे प्लगइन बदलून बघितले, त्यातला एक क्रॅक.

नशिबाने मूळ टेक डिलीट केले नव्हते. क्वांटाइझ काढलं, सिग्नेचर सिक्स-एट (एका बारमध्ये सहा एट्थ) केली आणि टेम्पो १५० टाकला. आता १५० का, तर पाऊल म्हणजे तीन एट्थ, म्हणजेच दीड क्वार्टर, आणि बहुतेक सॉफ्टवेअर बीपीएम क्वार्टरमध्ये मोजतात (एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही सिक्स-एट केलं तरी टेम्पोचा आकडा क्वार्टरचाच राहतो). म्हणून १०० गुणिले दीड. मग एट्थ २००, क्वार्टर ४००, पाऊल म्हणजे डॉटेड क्वार्टर ६००, सगळं जागच्या जागी. आवाजाला ४०० चा डिले दिला आणि ओळीच्या शेवटी फक्त ६०० चा. १०० च ठेवून ट्रिपलेट ग्रिड लावली असती तरी चाललं असतं म्हणा, एट्थ ट्रिपलेट तिथेही २०० च येते. मला सिक्स-एट बरं वाटतं कारण डोळ्यांना बार नीट दिसतात.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे नाही. स्क्रीनकडे पाठ करायची, मांडीवर ताल धरायचा आणि तोंडाने मोजायचं. एक-दोन-तीन येतंय की एक-दोन-तीन-चार, हे कळेपर्यंत माउसला हात लावायचा नाही. याला अर्धं मिनिट लागतं. पण अर्धं मिनिट कुणाकडे नसतं, सगळ्यांना प्रीसेट पाहिजे.

याच जातीची दुसरी भानगड म्हणजे ७० आणि १४०. टेम्पो शोधणारं सॉफ्टवेअर दोन्हीतलं काहीही सांगू शकतं आणि दोन्ही बरोबर असतात, फक्त तुमची एट्थ त्याची क्वार्टर होते. डिले दुप्पट लांब किंवा अर्धा वाटला की आधी हे तपासा.

शास्त्रीयवाल्यांचं उलटंच असतं. विलंबित एकताल मिनिटाला १५ मात्रांच्या लयीत चाललाय, म्हणजे एक मात्रा तब्बल ४ सेकंदांची, आणि एबलटन २० च्या खाली जातच नाही. मग लोक गोंधळून २० टाकतात. अरे, ६० टाका आणि एका मात्रेला चार क्वार्टर धरा, एक मात्रा एक बार. तसंही इतक्या संथ लयीत गवय्याच्या आवाजावर लयीतला डिले लावायची हौस कुणाला असते मला माहीत नाही, तानपुरा पुरतो की.

दशांश चिन्हाचं प्रकरण. १२८ बीपीएमला क्वार्टर ४६८.७५ मिलिसेकंद येते. डिलेला ४६९ टाकलंत तरी काही बिघडत नाही, कुणाच्या बापाला कळणार नाही. पण हाच ४६९ धरून लूप कापायला बसलात आणि एकापुढे एक चिकटवत गेलात तर प्रत्येक बीटला पाव मिलिसेकंद साठत जातो, ६४ बार म्हणजे २५६ बीट, चूक ६४ मिलिसेकंद, आणि एका किकच्या (मोठ्या ड्रमच्या ठोक्याच्या) जागी दोन किक ऐकू येतात. गंमत म्हणजे डिलेच्या दशांशावर वाद घालणारे लोकच लूप डोळ्यांनी कापतात. लूपचा टेम्पो काढायचा तर बीट गुणिले ६०, भागिले सेकंद, म्हणजे १६ बीटचा लूप ९.६ सेकंदांचा असेल तर १००. शेवटची शांतता मोजू नका. आणि मोजायला वेव्ह फाइल घ्या, एमपीथ्रीमध्ये एन्कोडर सुरुवातीला बारीकशी शांतता चिकटवतो.

भजनाचं लाइव्ह रेकॉर्डिंग आलं की अजून एक नमुना दिसतो. सुरुवात मोजली ८४, एट्थ ३५७, तोच आकडा शेवटपर्यंत. अहो, गजर सुरू झाला की मंडळी ९६ वर पोचलेली असतात, तिथे एट्थ ३१२.५. पंचेचाळीसेक मिलिसेकंदांचा फरक पडतो, टाळांच्या मधे तो कचकच करतो. टेम्पो मॅप, म्हणजे गाण्यात कुठे किती टेम्पो याचा आराखडा, बनवा, दर चार बारांनी पहिला ठोका पकडून. कंटाळवाणं काम आहे, मान्य. मी तर गजराला डिले बंदच करतो, टाळ-पखवाज भरात आल्यावर तो ऐकू तरी कुणाला येतो. पण टाळकऱ्यांना हेडफोन घालून क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) बसवायचा सल्ला देणारे जे आहेत त्यांनी एकदा समोर बसून भजन ऐकावं, मग बोलावं. लय चढणं ही तिथे चूक नाही, तुमचा न बदललेला आकडा चूक आहे.

डिले मिलिसेकंदात टाकला आणि नंतर गाण्याचा टेम्पो बदलला तर आकडा आपोआप बदलत नाही. सिंक, म्हणजे डिले गाण्याच्या टेम्पोला बांधणं, चालू असेल तरच बदलतो. सिंक वापरणं कमीपणाचं नाही, उगाच हिरोगिरी नको.

रिव्हर्बच्या प्री-डिलेलाही, म्हणजे घुमारा सुरू होण्याआधीच्या थांब्यालाही, हेच गणित चालतं, १२० ला सिक्स्टी-फोर्थ ३१.२५ येते, तिथून सुरू करा आणि कानाने हलवा.

आता सगळं नीट मोजूनही टेम्पो जुळत नसेल आणि वर गाणं चढ्या पट्टीत गेल्यासारखं वाटत असेल तर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते, बघा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ ची समजून वाजली की १०० चं गाणं १०८.८४ वर धावतं आणि पट्टी साधारण दीड सेमीटोन (पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) वर जाते. गायक म्हणतो माझा आवाज असा नाही, आणि तो बरोबर असतो. मिळालेला टेम्पो भागिले खरा टेम्पो करून बघा. १.०८८ च्या आसपास आलं तर हाच घोळ, ०.९१९ आलं तर उलटा. टाइम स्ट्रेच करून सारवासारव करू नका, फाइल काढून टाका आणि इम्पोर्ट करताना कन्व्हर्टचा पर्याय टिक करून परत आणा.