विद्यापीठाची जाहिरात निघायच्या आधीच फाईल तयार ठेवा : नागपुरातला माझा अनुभव

नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षा, झालेली बरीच पोरं विचारतात की नागपूर विद्यापीठात सहायक प्राध्यापकाच्या जागा निघाल्या तर काय करायचं. माझं म्हणणं एकच, जाहिरात आल्यावर पळापळ करून काही होत नाही, कागद आधीच जमवलेले पाहिजेत.

मी तीन वर्षं एका कॉलेजमध्ये सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवलं. अनुभवाचं सर्टिफिकेट होतं माझ्याकडे, पण एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर नुसतं "सन 2017-18 मध्ये अध्यापन केले" एवढंच लिहिलं होतं, रुजू झाल्याची तारीख नाही, कार्यमुक्तीची नाही, आणि त्या वर्षीची नियुक्तीची ऑर्डर मी घेतलीच नव्हती. छाननीत ते वर्ष धरलं नाही. मग मे महिन्यात, नागपूरच्या त्या उन्हात, त्या कॉलेजच्या ऑफिसमध्ये तीन चकरा मारल्या तेव्हा कुठं जुन्या फाईलमधून ऑर्डरची झेरॉक्स मिळाली, पण तोवर लिस्ट लागून गेली होती. त्या दिवशी महाराजबागेपासून घरापर्यंत कोणाशी बोलायचीही इच्छा नव्हती.

हे एवढं का सांगतोय, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाच्या शॉर्टलिस्टिंगचा जो तक्ता आहे त्यात शिकवण्याच्या दर वर्षाला 2 गुण आहेत, जास्तीत जास्त 10. नेटला 5, जेआरएफसकट (म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसकट) 7, सेटला 3. आणि पीएचडीला 30! जुलै 2023 पासून पीएचडी सक्तीची नाही हे खरं, नेट-सेटवर अर्ज करता येतो, पण विद्यापीठाच्या विभागातल्या जागेसाठी समोर पीएचडीवाले असतात तेव्हा हा फरक भरून काढणं फार अवघड जातं. म्हणून सेट निघाली की थांबू नका, पीएचडीच्या मागे लागा. अर्थात प्रत्येक जाहिरातीत गुणांची पद्धत काय दिलीय ते आधी वाचा, मागच्या वेळचं धरून चालू नका.

राखीव जागेवर भरणार असाल तर जात वैधता आणि आपल्या प्रवर्गाला लागू असेल तर चालू नॉन क्रिमी लेअर हातात हवं, आणि आपल्या विषयात आपल्या प्रवर्गाची जागा बिंदुनामावलीत (आरक्षणाच्या रोस्टरमध्ये) आहे का तेही बघा, नाहीतर फी उगाच जाते.

शिक्षकेतर पदांचंही असंच आहे, क्लर्कच्या जागेला मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्दांचं टायपिंग बहुतेक वेळा मागतात, एमएस-सीआयटी पण.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. ऑनलाईन फॉर्म भरला म्हणजे झालं असं नसतं, हार्ड कॉपी मागितली असेल तर ती शेवटच्या तारखेच्या आत पोचली पाहिजे, पोस्टात टाकल्याची तारीख धरतीलच असं नाही. नागपुरात राहत असाल तर सरळ आवक विभागात नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. माझ्या फाईलमध्ये आता सगळ्यात वर तोच शिक्का मारलेला कागद असतो, आणि त्याखाली वर्षवार ऑर्डरी.