हानुक्काचे दिवे शिकवणारे मराठी गाणे: रचायचे कसे, बसवायचे कसे

गाऊन धर्म शिकवणे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाला नवे नाही. 1880 मध्ये मुंबईत या समाजाने मराठी कीर्तने सुरू केली आणि बायबलमधल्या कथा घराघरांत पोचल्या. पण कीर्तनाचे आख्यान मोठ्यांसाठी असते. पाच ते आठ वर्षांच्या मुलांचे गाणे एकच गोष्ट शिकवणारे हवे, आणि ती गोष्ट मुलाला हाताने करता यायला हवी. हानुक्का हा आठ रात्री रोज एक वात वाढवत दिवे लावण्याचा सण. मक्काबी या ज्यू लढवय्यांचे युद्ध, मंदिराची शुद्धी, एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरल्याचा चमत्कार आणि दिवे लावण्याची रीत एकाच गाण्यात कोंबली तर मुलांना चाल आठवते, बाकी काही नाही. कथा तोंडी सांगावी, गाण्यात फक्त रीत ठेवावी.

हानुक्काच्या रिवाजात मुले हमखास गोंधळतात ती जागा म्हणजे बाजू. वाती उजवीकडून मांडत जायच्या, पण लावताना सुरुवात डावीकडच्या नव्या वातीपासून करायची. म्हणून ध्रुपदातच हे आणा:

मांडू उजवीकडून, लावू या डावीकडून
नवी वात आधी पेटे, जुन्या मागून मागून

प्रत्येक अर्ध्या ओळीत आठ अक्षरे आहेत. केरव्याच्या आठ मात्रांत एका मात्रेला एक अक्षर बसते. कडवे दर रात्री बदलते: ‘आज रात्र पहिली हो, एक वात लावायची’, मग ‘आज रात्र दुसरी हो, दोन वाती लावायच्या’. एक ते आठ हे सगळे आकडे दोन अक्षरी असल्याने दुसरा भाग कुठेच अडत नाही. पहिल्या भागात फक्त ‘चौथी’ एका अक्षराने कमी पडते, तिथे ‘चौ’ दोन मात्रा ओढायचा. हे आधी सांगितले नाही तर चौथ्या रात्री सगळा वर्ग तालातून सुटतो.

चाल सा ते ध एवढ्या सहा सुरांत ठेवा आणि पेटीवर काळी एक धरा. मोठ्या माणसाला सोयीची खालची पट्टी धरली की मुले गाण्याऐवजी पुटपुटतात, आणि वरच्या सा च्या पलीकडे नेले तर ओरडतात. मिनिटाला 96 मात्रा ही गती बरी. ध्रुपद व एक कडवे मिळून 48 मात्रा, म्हणजे अर्धे मिनिट. त्या त्या रात्रीचे कडवेच गावे. आठही कडवी शेवटच्या रात्री घ्या, तेव्हा चार मिनिटे मुले आनंदाने टिकतात. त्याच वेळी वाती मोजून घ्या: आठ रात्रींच्या 36, आणि रोजचा शमाश (बाकीच्या वाती पेटवणारी जादा वात) धरून 44.

गाण्यात हिब्रू शब्द आणताना तालाची सम (पहिली मात्रा) जोराच्या अक्षरावर पाडा. ‘शमाश’मध्ये जोर ‘मा’वर आहे. सम ‘श’वर पडली की चुकीचा जोर तोंडी बसतो आणि पुढे प्रार्थनेत तो सुधारणे फार जड जाते. आशीर्वादाचे हिब्रू शब्द मात्र गाण्यात मिसळू नका. पहिल्या रात्री तीन आणि नंतर दोन आशीर्वाद असतात, ते त्यांच्या परंपरागत चालीतच वेगळे शिकवावेत. नव्या गाण्यात देवाचा उल्लेख ‘हाशेम’ (म्हणजे ‘ते नाम’) असा करावा.

बसवताना शिक्षकाने मुलांकडे तोंड करून उभे राहू नये. समोरून पाहणाऱ्या मुलाला शिक्षकाचा उजवा हात डावीकडे दिसतो आणि शब्द बरोबर असूनही कृती उलटी शिकली जाते. हानुक्कियाच्या (हानुक्काच्या दिवादानीच्या) ज्या बाजूला मुले आहेत, त्याच बाजूला, त्यांच्याकडे पाठ करून उभे राहा. न पेटवलेल्या मेणबत्त्या द्या. ‘मांडू’वर मेणबत्ती ठेवली जाईल, ‘लावू’वर शमाश हातात येईल, इतके सावकाश आधी बोलून घ्या आणि मगच चाल लावा. एका बैठकीला दहा मिनिटे पुरतात.

खऱ्या सणात आधी आशीर्वाद, मग दिवे, मग गाणे. दिवे किमान अर्धा तास जळायला हवेत आणि त्यांच्या उजेडात काम करायचे नसते, म्हणून तो अर्धा तास गाण्यांना उत्तम. तेलाची कथाही तेव्हाच सांगा. कोकणात आपले पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, हे ऐकताना मुलांचे डोळे मोठे होतात. शुक्रवारी हानुक्काचे दिवे शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या) दिव्यांआधी लागतात, आणि त्यानंतर पेटी व मोबाइल बंद. त्यामुळे हे गाणे पेटीशिवाय उभे राहते का, ते आधीच्या आठवड्यात तपासा.

इस्राएलमधल्या दिमोना, अश्दोद किंवा लोद इथल्या घरांतली मुले मराठी समजली तरी देवनागरी सहसा वाचत नाहीत. त्यांना हेच शब्द हिब्रू लिपीत लिहून द्या.

आठवडाभराने गाणे न म्हणता विचारा: आज तिसरी रात्र, पहिली कोणती लावशील? मूल मनात चाल धरून बोट डावीकडच्या वातीवर ठेवत असेल तर गाणे बसले. नुसतेच गाऊ लागले आणि बोट हलले नाही, तर मेणबत्त्या हातात देऊन पुन्हा सुरुवात करा.