तांबड्या मातीत हिवाळी फुलांची पेरणी

कोकणात उघड्यावर फुलांचं बी पेरायचं ते पाऊस पुरता गेल्यावर, ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर. थंड मुलखातल्या काही बारमाही फुलांना रुजण्याआधी कडक गारठा लागतो. तो किनाऱ्यावर पडत नाही, तेव्हा त्यांच्या नादी लागू नका. हंगामी फुलांत झेंडू, झिनिया, कॉसमॉस, पिटुनिया घ्या. बारमाहीत सदाफुली, गोकर्ण, अबोली.

बी उगवत नाही त्याचा दोष बहुतेकदा मातीचा असतो. आपली तांबडी माती पाणी पिऊन उन्हात वाळली की वर पापुद्रा धरते आणि कोंब खालीच अडकतो. म्हणून चाळलेली माती, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणांचा भुसा, समान घ्या. हा भुसा घरचा असेल तर गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून पिळा. त्यातल्या खारामुळे कोवळी मुळं जळतात.

झेंडू, झिनिया अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, आठवड्यात वर येतात. पिटुनियाचं बी धुळीइतकं बारीक. ते कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरा आणि झाकू नका, त्याला उजेड हवा. सदाफुलीला अंधार हवा: मातीचा पातळ थर द्या, वर पुठ्ठा ठेवा आणि पहिला कोंब दिसताच तो काढा. गोकर्णाचं बी पॉलिश पेपरवर घासून रात्रभर भिजवा. सकाळी फुगलेलं तेवढं पेरा, टणक राहिलेलं पुन्हा घासा. अबोलीची सुकी बोंडं पाणी लागताच तडकून बी उडवतात, म्हणून झाकणाच्या डब्यात थेंबभर पाणी शिंपडून फोडा. उगवायला ती बराच वेळ घेते, कुंडी लवकर रिकामी करू नका. दिल्ली अबोलीला मात्र बी धरत नाही, तिचे छाटच लावायचे.

मुंग्या बी पळवतात. ट्रे विटांवर आणि विटा पाण्याच्या परातीत ठेवा. दुपारी वर झावळीची विरळ सावली पुरे. पाणी सकाळीच, बारीक झारीने. देठ मातीलगत काळा-बारीक होऊन रोप आडवं पडलं, तर पेरणी दाट झाली आहे किंवा पाणी जास्त होतंय: मेलेली रोपं मातीसकट काढा, उरलेली विरळ करा, वरची माती सुकू द्या.

चार-पाच खरी पानं (पहिल्या बीजपानांनंतरची) आली की संध्याकाळी लावणी करा. झेंडूत 30 सेंटिमीटर अंतर ठेवा, रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. झिनिया पहिल्यापासून जागेवरच पेरलेली बरी, मुळं हलवलेली तिला सोसत नाहीत. समुद्राकडून थेट वारा येत असेल तर वाफा घराच्या आडोशाला घ्या, खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात.